हळू आवाजाचा पंक

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याची राजधानी ऑलिंपिया. राजधानी म्हटलं तरी गाव तसं लहानच. १९९०च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ४० हजारांच्याही खाली होती. या गावातल्या 'किल रॉक स्टार्स' नावाच्या रेकॉर्ड लेबलनं २१ जुलै १९९५ रोजी एक अल्बम बाजारात आणला. या लेबलचे तोवरचे गाजलेले बँड म्हणजे बिकिनी किल, ब्रॅटमोबिल, हगी बेअर, अनवूंड. पंक म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं ते सगळं यांच्याकडे होतं: आरडाओरडा, फाटक्या आवाजाच्या गिटारी, चिडलेली गाणी.

आणि हा नवा अल्बम? एक माणूस. बहुतेक वेळ एक अकूस्टिक गिटार, मधेच कुठेतरी ड्रम, कुठेतरी माउथ ऑर्गन. शेजारच्या खोलीत कुणीतरी झोपलंय म्हणून दबकून गावं तसा आवाज. १२ गाणी, जेमतेम ३७ मिनिटं. अल्बमला वेगळं नावही नाही, गायकाचंच नाव: एलियट स्मिथ.

माझ्या पिढीला स्मिथ भेटतो तो या सगळ्यातलं काहीही न कळता. रात्री उशिरा ऐकायच्या 'उदास' गाण्यांच्या एखाद्या प्लेलिस्टमध्ये तो अचानक उगवतो. मशीननं त्याला एक लेबल चिकटवलेलं असतं, आणि ते 'किल रॉक स्टार्स' नसतं. ते असतं 'सॅड'. मग आपण त्याचं नाव शोधतो, तो ३४व्या वर्षी गेला हे वाचतो, आणि गोष्ट पूर्ण झाल्यासारखी वाटते. एक एकटा, दुखावलेला माणूस खोलीत बसून गायला आणि गेला.

मी पेशानं सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कुठलीही गोष्ट चालते कशी, तिच्या पोटात कुणाकुणाचं काम आहे, हे उकलून बघायची मला सवय आहे. या अल्बमचं तसं केलं तेव्हा ही एकटेपणाची गोष्ट बरीचशी निसटली. आवाज एकट्याचा आहे, हे खरं. काम मात्र एकट्याचं नाही. त्यामागे एक गाव आहे, मित्रांची घरं आहेत, पैशांचा एक वेगळा हिशेब आहे. तो इतिहास सांगितल्याशिवाय पंक लेबलवर इतका हळू अल्बम आलाच कसा, हे कळत नाही.

गाव

ऑलिंपियात एव्हरग्रीन स्टेट कॉलेज नावाचं सरकारी कॉलेज आहे. तिथे मार्क किंवा ग्रेड देत नाहीत. विद्यार्थ्यानं काय केलं याबद्दल शिक्षक चार परिच्छेद लिहून देतात. मार्कांच्या चरकातून इंजिनिअर झालेल्या माणसाला हे वाचताना थोडा हेवा वाटतो, ते असो. या कॉलेजचं केएओएस नावाचं एक रेडिओ स्टेशन होतं. त्यांनी एक नियम केला होता: जे संगीत वाजेल त्यातलं ८० टक्के स्वतंत्र लेबलांचं असलं पाहिजे. हा नियम साधा वाटतो, पण त्याचा परिणाम बघा. गावातल्या पोरांच्या कानांवर सतत अशी गाणी पडत होती जी कुणीतरी त्यांच्यासारख्याच माणसांनी, त्यांच्यासारख्याच घरांत रेकॉर्ड केली होती. 'हे आपल्यालाही जमेल' असं वाटायला याहून जास्त काही लागत नाही.

१९८२मध्ये केल्विन जॉन्सननं इथेच 'के रेकॉर्ड्स' सुरू केलं. ऑगस्ट १९९१मध्ये याच 'के'नं गावात एक संमेलन भरवलं. नाव 'इंटरनॅशनल पॉप अंडरग्राउंड'. बड्या कंपन्यांच्या माणसांनी इकडे फिरकू नये, असं निमंत्रणातच बजावलेलं. पहिली रात्र मुलींच्या बँडसाठी राखून ठेवलेली. पुढे ज्याला 'रायट गर्ल' चळवळ म्हटलं गेलं, तिच्या इतिहासात त्या रात्रीचं नाव आवर्जून येतं. या मुली गाणी करत होत्याच, शिवाय झाईनही काढत होत्या. झाईन म्हणजे कापून-चिकटवून, झेरॉक्स काढून हातोहात वाटलेली अनियतकालिकं.

'किल रॉक स्टार्स'चा जन्म याच वर्षीचा. सुरू करणारा स्लिम मून. त्यानं काढलेली पहिली रेकॉर्ड गाण्यांची नव्हतीच. ती होती सात इंची तबकडीवर नुसत्या बोलण्याची: एका बाजूला बिकिनी किलची कॅथलीन हॅना, दुसऱ्या बाजूला स्वतः स्लिम मून. त्यानंतर संमेलनाच्या निमित्तानं त्यानं गावातल्या आणि आसपासच्या बँडचा एक संग्रह काढला. त्यात निर्वाणाचंही एक गाणं होतं. महिन्याभरात, सप्टेंबर १९९१मध्ये, त्याच निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' बड्या कंपनीकडून आला आणि सगळ्या जगाच्या नजरा त्या कोपऱ्याकडे वळल्या.

म्हणजे हे पंक लेबल सुरू झालं तेच माणसाच्या साध्या, उघड्या आवाजापासून. चार वर्षांनी तिथे एक कुजबुजणारा गायक आला, तर घराच्या रीतीला सोडून काही झालं नव्हतं. आवाज किती मोठा, हा तिथला प्रश्न नव्हता. तुला जे म्हणायचंय ते कुणाची परवानगी न घेता म्हणतोयस ना, हा होता.

हिशेब

आता पैशांकडे येऊ, कारण पंक ही जितकी संगीताची तितकीच हिशेबाची गोष्ट आहे.

१९९५च्या सुमारास जगातला संगीताचा बहुतेक धंदा सहा बड्या कंपन्यांच्या हातात होता. त्यांच्याशी करार केला की बँडला ॲडव्हान्स मिळायचा. ऐकायला छान वाटतं. पण आपल्याकडे ऊसतोडीच्या टोळ्यांना मिळते तशी ती उचल असते. स्टुडिओचं भाडं, निर्मात्याची फी, व्हिडिओचा खर्च, सगळं बँडच्या वाट्यातून कापून घ्यायचं. ते फिटेपर्यंत रॉयल्टी नाही. आणि मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी बहुधा कंपनीकडे.

रेकॉर्डिंग इंजिनिअर स्टीव्ह अल्बिनीनं १९९३मध्ये 'द बॅफलर' या नियतकालिकात या व्यवहाराचा ताळेबंदच मांडला होता. त्यानं एक काल्पनिक बँड घेतला. त्याच्या अडीच लाख प्रती खपल्या असं धरलं. शेवटी प्रत्येक वादकाच्या हातात साधारण ४ हजार डॉलर पडले, आणि रॉयल्टीच्या खात्यात बँडच कंपनीला १४ हजार डॉलर देणं लागत होता. धंद्यातल्या बाकी सगळ्यांनी मिळून मात्र लाखो डॉलर कमावले होते. तो लेख मी पहिल्यांदा वाचला तेव्हा स्प्रेडशीट उघडून बेरजा करून बघितल्या होत्या. काटा तसाच झुकतो.

स्वतंत्र पंक लेबलांमध्ये यावर एक जुना रिवाज होता. खर्च वजा जाता जे उरेल ते निम्मं-निम्मं. अनेकदा करार असायचा तो एका पानाचा, किंवा नुसता तोंडी. रक्कम लहान, पण त्यामुळेच खर्चही लहान ठेवावा लागे. आणि खर्च लहान असला की एक वेगळीच मोकळीक मिळते: पैसे वसूल करण्यासाठी लाखो लोकांना आवडलंच पाहिजे, अशी सक्ती राहत नाही. काही हजार लोकांनी घेतला तरी अल्बम तरून जातो. स्मिथचा १९९५चा अल्बम अशा हिशेबात बसत होता. बड्या कंपनीच्या हिशेबात तो बसला असता का, याचा मी बराच विचार केलाय. मला नाही वाटत.

तळघर

स्मिथ ऑलिंपियाचा नव्हे. जन्म १९६९चा, ओमाहाचा, लहानपण टेक्ससमध्ये, चौदाव्या वर्षी तो ऑरेगनमधल्या पोर्टलंडला आला. हे शहर ऑलिंपियापासून गाडीनं दोनेक तासांवर. मॅसेच्युसेट्समधल्या हॅम्पशायर कॉलेजात तो तत्त्वज्ञान आणि राज्यशास्त्र शिकला. तिथेच त्याला नील गस्ट भेटला आणि पोर्टलंडला परतल्यावर दोघांनी 'हीटमायझर' नावाचा बँड काढला. हा बँड चांगला दणदणीत होता. त्याचे पहिले दोन अल्बम 'फ्रंटियर' या लॉस एंजेलिसच्या जुन्या पंक लेबलनं काढले. या बँडमध्ये स्मिथ ओरडून गायचा, आणि पुढे मुलाखतींमध्ये आपल्या त्या काळातल्या गाण्याबद्दल फारसं बरं बोलत नसे.

बँडची व्यवस्थापक होती जे. जे. गॉन्सन. ती स्मिथची त्या वेळची मैत्रीणही. तिच्या घराच्या तळघरात चार ट्रॅकच्या मशीनवर त्यानं काही हळू गाणी रेकॉर्ड केली. ही गाणी 'कॅव्हिटी सर्च' या पोर्टलंडच्या छोट्या लेबलकडे पोचली ती तिच्या आग्रहानं. फार तर एखादी दोन गाण्यांची तबकडी निघेल, असा त्याचा अंदाज होता. लेबल म्हणालं, आम्हाला सगळंच हवंय. १९९४मध्ये 'रोमन कँडल' आला तो असा. जो माणूस आपली गाणी लोकांसमोर आणायला तयार नव्हता, त्याच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी दार ठोठावलं होतं.

त्यानंतर तो 'किल रॉक स्टार्स'कडे आला. १९९५च्या अल्बमचं रेकॉर्डिंगही कुठल्या चकचकीत स्टुडिओत झालं नाही. ते झालं ओळखीच्या साउंड इंजिनिअरच्या घरी आणि हीटमायझरचा ड्रमर टोनी लॅशच्या घरी. एका गाण्यात नील गस्टची गिटार आहे. कव्हरवरचा फोटो गॉन्सनचा. ज्या अल्बमला जग एकट्या माणसाची डायरी म्हणून ऐकतं, त्याची श्रेयनामावली अशी मित्रांनी भरलेली आहे.

आता त्या आवाजाबद्दल. स्मिथचं गाणं इअरफोनवर ऐकताना तो आपल्या अगदी डोक्यात गातोय असं वाटतं. यामागची युक्ती साधी आहे. तो एकच ओळ दोनदा गायचा. पहिलं गाणं एका ट्रॅकवर, दुसरं दुसऱ्या. मग एक आवाज डाव्या कानात, दुसरा उजव्या. तोच माणूस, तेच शब्द, पण दोन्ही वेळा श्वास किंचित पुढेमागे, सूर केसभर इकडेतिकडे. हा फरक इतका बारीक असतो की दोन आवाज वेगळे ऐकू येत नाहीत. एकच आवाज रुंद आणि जरा थरथरता वाटतो. 'डबल ट्रॅकिंग' ही बीटल्सच्या काळापासूनची पद्धत, आणि स्मिथ बीटल्सचा भक्तच होता. पण हळू आवाजावर ती इतक्या चिकाटीनं वापरल्यामुळे ती त्याची ओळख बनली.

यात जो ताबा लागतो त्याकडे बघा. भावनेच्या भरात वाहून गेलेला माणूस तीच ओळ त्याच श्वासात दुसऱ्यांदा गाऊ शकत नाही. या अल्बमची गाणी व्यसनाबद्दल, अवलंबून असण्याबद्दल, स्वतःवरच्या रागाबद्दल बोलतात. ती दुःखाची आहेत यात शंका नाही. पण ती दुःखात बुडालेल्या माणसानं नव्हे, हातात कारागिरी असलेल्या माणसानं केली आहेत. 'सॅड' या शिक्क्यात हे काम दिसत नाही, म्हणून तो शिक्का मला खटकतो.

स्केल

फेब्रुवारी १९९७मध्ये त्याच लेबलवर त्याचा पुढचा अल्बम आला, 'आयदर/ऑर'. नाव कीर्केगार्दच्या पुस्तकावरून. हाही बऱ्याच घरांमध्ये मिळून रेकॉर्ड झालेला. दोनच महिन्यांनी 'किल रॉक स्टार्स'नं स्लीटर-किनी या बँडचा 'डिग मी आउट' काढला. एक जेमतेम ऐकू येणारा, दुसरा भिंती हलवणारा. एका छोट्या लेबलनं एका वसंतात दोन अशी कामं काढली, जी आजही लोक शोधून ऐकतात.

या मंडळींमध्ये लॅरी क्रेन नावाचा एक जण होता. त्याच्या घरातल्या छोट्या स्टुडिओतही स्मिथनं काम केलं. क्रेननं १९९६मध्ये 'टेप ऑप' नावाचं नियतकालिक सुरू केलं: घरच्या घरी, तुटपुंज्या सामानात चांगलं रेकॉर्डिंग कसं करायचं, हे करणाऱ्यांनीच एकमेकांना सांगायचं. ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या जगात वावरणाऱ्याला हे ताबडतोब ओळखीचं वाटेल. आपल्याला जे कळलं ते लिहून ठेवायचं, पुढच्याला फुकट द्यायचं. १९९७मध्ये स्मिथ आणि क्रेन यांनी मिळून पोर्टलंडमध्ये 'जॅकपॉट' नावाचा स्टुडिओ उभा केला.

त्याच वर्षी पोर्टलंडमध्येच राहणारा दिग्दर्शक गस व्हॅन सँट यानं स्मिथची गाणी 'गुड विल हंटिंग'मध्ये घेतली. त्यातल्या 'मिस मिझरी' या नव्या गाण्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. २३ मार्च १९९८ला पांढरा सूट घालून तो एकटा गिटार घेऊन त्या अवाढव्य मंचावर उभा राहिला. गाणं कापून दोनेक मिनिटांचं केलेलं. बसून गायला खुर्चीही मिळाली नव्हती. तू नाही गायलास तर दुसऱ्या कुणाकडून गाऊन घेऊ, असं आयोजकांनी आधीच सांगितलेलं. त्या वर्षी बक्षीस गेलं 'टायटॅनिक'च्या गाण्याला. सेलीन डिऑनची टिंगल करायला पत्रकार त्याला वारंवार डिवचत, पण तो तिच्याबद्दल नेहमी चांगलंच बोलला. ती मंचामागे त्याच्याशी फार आपुलकीनं वागली, असं तो सांगायचा.

माझ्या कामात 'हे स्केल होईल का?' हा प्रश्न दिवसातून दहादा विचारला जातो. दहा माणसांसाठी चालणारी गोष्ट एक कोटी माणसांसाठी चालेल का? सहसा उत्तर असतं, चालेल, पण मग ती तीच गोष्ट राहणार नाही. स्मिथच्या बाबतीत हेच झालं. हीटमायझरनं शेवटी व्हर्जिन या बड्या कंपनीशी करार केला होता आणि त्यातल्या एका कलमानं बँड फुटल्यावरही स्मिथ बांधलेला राहिला. तो करार विकत घेऊन त्याला सोडवलं 'ड्रीमवर्क्स'नं: स्पीलबर्ग, गेफन आणि कॅट्झेनबर्ग यांच्या कंपनीच्या संगीत विभागानं.

इथे बड्या कंपनीला खलनायक करणं सोपं आहे, पण ते खरं नाही. ड्रीमवर्क्सनं काढलेला 'एक्सओ' (१९९८) सुंदर अल्बम आहे. डोक्यात ऐकू येणारी व्हायोलिनं आणि पियानो त्याला प्रत्यक्ष वापरता आले ते या पैशांमुळे. तळघरात ते शक्य नव्हतं. मोठेपणानं त्याला बरंच काही दिलं. मात्र जी माणसं रोज आसपास होती, ज्यांच्या स्वयंपाकघरातून मायक्रोफोनची वायर जायची, तो शेजार मागे पडला. तो आधी न्यू यॉर्कला, मग लॉस एंजेलिसला गेला. २१ ऑक्टोबर २००३ला तिथेच त्याचा मृत्यू झाला. त्या दिवसाच्या तपशिलांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. त्यात मी भर घालणार नाही. पण त्यानंतर त्याची सगळी गाणी मागे वळून फक्त त्या शेवटाच्या उजेडात ऐकली जाऊ लागली, ही मला त्याच्या कामाची मोठी हानी वाटते. १९९५चं गाणं २००३ची सूचना नसतं. २५ वर्षांचा एक तरुण मित्रांच्या घरी बसून नेटानं एक ओळ दोनदा गात होता, इतकंच तेव्हा खरं होतं.

काय उरलं

इतिहासाचा एक तपशील मला फार बोलका वाटतो. ड्रीमवर्क्सचा तो संगीत विभाग २००३च्या शेवटी युनिव्हर्सलला विकला गेला आणि दोनेक वर्षांत त्याचं स्वतंत्र अस्तित्व संपलं. हॉलिवूडच्या तीन बड्या नावांचं लेबल दहा वर्षंही टिकलं नाही. 'किल रॉक स्टार्स' मात्र टिकलं. स्मिथच्या मरणोत्तर आलेल्या अल्बमची पहिली आवृत्ती २००४मध्ये 'अँटी' या लेबलनं काढली, तेही 'एपिटाफ' या पंक लेबलचंच भावंड. २००७मध्ये 'किल रॉक स्टार्स'नं त्याच्या अप्रकाशित गाण्यांचा दुहेरी संग्रह 'न्यू मून' प्रसिद्ध केला. जुन्या टेप ऐकून, लावून, स्वच्छ करून देण्याच्या कामात होता लॅरी क्रेन. मग २०१०मध्ये 'रोमन कँडल' आणि तो मरणोत्तर अल्बमही याच लेबलनं पुन्हा काढले. पांगलेल्या चीजवस्तू एकेक करून घरी आणाव्यात तसं.

छोटं ते सगळं चांगलं, असा याचा अर्थ मी काढत नाही. पुष्कळ छोटी लेबलं उधारीत बुडाली, कित्येकांनी कलाकारांचे पैसे वेळेवर दिले नाहीत. पण आज आपल्यापैकी कुणीही फोनवर गाणं रेकॉर्ड करून तासाभरात जगभर टाकू शकतो. त्या काळच्या पंकवाल्यांनी मागितलेली साधनं आपल्या खिशात आहेत. तरी त्यांच्याकडे जे होतं ते आपोआप मिळालेलं नाही: आपलं अर्धवट काम ऐकून 'हे सगळंच बाहेर यायला हवं' म्हणणारा माणूस, घराची किल्ली देणारा मित्र, आणि काही हजार श्रोत्यांवर समाधान मानणारा हिशेब. ही कुठल्याही अ‍ॅपमध्ये डाउनलोड होणारी गोष्ट नाही. ती माणसांनी एकमेकांसाठी करायची असते.

१९९५च्या त्या अल्बमवर 'सेंट आयडीज हेवन' नावाचं गाणं आहे. इअरफोन लावून नीट ऐका. स्मिथच्या त्या दुपदरी आवाजाच्या सोबतीला तिथे आणखी एक आवाज आहे, एका बाईचा. ती पोर्टलंडच्या 'स्पिनेन्स' या बँडची रिबेका गेट्स.